एफडीवरचं क्रेडिट कार्ड आणि ५८९ रुपयांची ओळ : दहा महिन्यांनंतर

जुन्या कार्डाची वार्षिक फी ४९९ रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की होतात ५८९. एवढ्याशा रकमेपायी जानेवारी २०२५ मध्ये माझा रिवॉर्ड्स कार्डाचा अर्ज नाकारला गेला आणि वर्षातला बराच काळ मी त्या रकमेच्या मागे लागले होते. एफडी तारण ठेवून कार्ड घेतलं तर क्रेडिट स्कोअर, म्हणजे उधारी फेडण्याच्या सवयीला मिळणारे गुण, सावरतो का, हे बरेच जण विचारतात, म्हणून लिहायला बसले. पण कार्डापेक्षा क्रेडिट रिपोर्टातल्या त्या एका ओळीबद्दलच जास्त लिहिणार आहे, हे आधीच सांगते.

मुलगी बंगळुरूला शिकते. नाशिकच्या ओझर विमानतळावरून विमानाची तिकिटं वर्षातून तीन-चारदा काढावी लागतात. किराणा, वीजबिल, विम्याचे हप्ते आहेतच. हा सगळा खर्च कार्डावरून केला तर पॉइंट्समधून एखादं तिकीट सुटेल, असा साधा हिशेब होता. पगार वेळेवर होतो, डोक्यावर कर्ज नाही. तरी दोन दिवसांत नकार आला, आणि कारण काय, तर ‘बँकेच्या अंतर्गत धोरणानुसार’. मला इतका राग आला की त्याच आठवड्यात आणखी दोन बँकांत अर्ज टाकले. तेही परत आले. ही पूर्णपणे माझी चूक. प्रत्येक अर्जाच्या वेळी बँक क्रेडिट ब्युरोकडून, म्हणजे सगळ्यांच्या कर्जांची आणि कार्डांची नोंद ठेवणाऱ्या कंपनीकडून, आपला रिपोर्ट मागवते आणि ती चौकशी रिपोर्टात नोंदली जाते. आठ दिवसांत तीन चौकश्या दिसल्या की चौथ्या बँकेला वाटतं, या बाईला पैशांची निकड आहे. आपला रिपोर्ट आपण स्वतः पाहिला तर मात्र स्कोअरला काही होत नाही. आमच्या स्टाफरूममध्ये निम्म्या लोकांना अजून वाटतं की होतं, म्हणून ते कधी बघतच नाहीत.

मी पाहिला. स्कोअर ६६८. आकडा बघून फाइल बंद करणार होते, पण खाली गेले. तिसऱ्या पानावर एक कार्ड होतं, २०१८ चं. मॉलमधल्या टेबलावर फॉर्म भरून घेतलेलं, पहिलं वर्ष फ्री. २०२० मध्ये फोन करून बंद करायला सांगितलं होतं, ईमेलही केला होता आणि कार्ड कात्रीने कापून टाकलं होतं. माझ्या दृष्टीने ते तिथेच संपलं. बँकेने मात्र फी लावली. स्टेटमेंट सिडकोतल्या आमच्या जुन्या भाड्याच्या घरी जात राहिली, एसएमएस बंद पडलेल्या नंबरवर. व्याज आणि लेट फी चढून ५८९ चे ४,३१६ झाले आणि खात्यापुढे शेरा पडला ‘रिटन ऑफ’. म्हणजे बुडीत. दुकानदाराकडे दोन रुपये सुटे राहिले तर दुसऱ्या दिवशी नेऊन देणारी मी, आणि माझ्या नावापुढे बुडवल्याची नोंद. त्या रात्री मला झोप लागली नाही.

३ फेब्रुवारीला ब्युरोच्या साइटवर दुरुस्तीची विनंती टाकली. फुकट आहे, दहा मिनिटांत होते. तीन आठवड्यांनी उत्तर आलं : बँकेने माहिती बरोबर असल्याचं कळवलं आहे. ब्युरो आपणहून काही बदलत नाही, ज्या बँकेने माहिती दिली तिनेच बदल मान्य करावा लागतो. मग शाखेत गेले. तिथले अधिकारी म्हणाले, “मॅडम, एवढ्याशा रकमेसाठी कशाला डोक्याला ताप करून घेता? दीड हजार भरा, सेटल करून देतो.” मी पर्समधून चेकबुक काढलंसुद्धा होतं. पण एक दिवस थांबले आणि पतसंस्थेत कर्जाच्या फाइली बघणाऱ्या एका ओळखीच्या दादांना विचारलं. ते म्हणाले, “ताई, पूर्ण भरा नाहीतर पूर्ण नाकारा. मधलं काही घेऊ नका. ‘सेटल्ड’ शब्द एकदा रिपोर्टात बसला की पुढचा प्रत्येक साहेब तोच वाचणार.” या वाक्याने मला वाचवलं.

२०२० चा ईमेल शोधायला दोन संध्याकाळी गेल्या. सापडला, तक्रार क्रमांकासकट. १० मार्चला तो जोडून बँकेच्या नोडल अधिकाऱ्यांना, म्हणजे तक्रारी बघणाऱ्या वरच्या अधिकाऱ्यांना, लिहिलं. रिझर्व्ह बँकेचा नियम असा आहे की दुरुस्तीची तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये ग्राहकाला द्यायचे. एप्रिल २०२४ पासून तो लागू आहे. त्यातले पहिले २१ दिवस बँकेचे. तेवढ्यात तिने दुरुस्त माहिती पाठवली नाही तर भरपाई बँकेच्या अंगावर, तिने वेळेत पाठवूनही ब्युरोने लांबवलं तर ब्युरोच्या. कार्ड बंद करायला उशीर केल्यास दिवसाला ५०० रुपयांचाही नियम आहे, पण तो जुलै २०२२ पासूनचा. माझी विनंती २०२० ची, म्हणून तो मी लावून धरला नाही. खात्री असलेलंच लिहिलं.

२६ एप्रिलला दुरुस्ती झाली. ४७ दिवस. वरचे १७, म्हणजे १,७०० रुपये. ते आपणहून आले नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे जाईन असा आणखी एक ईमेल लिहावा लागला, मग मे महिन्यात जमा झाले. पासबुकात ती नोंद पाहून मला जितका आनंद झाला तितका गेल्या पगारवाढीला झाला नव्हता.

आता एफडीवरच्या कार्डाबद्दल. ते फेब्रुवारीतच घेतलं होतं, दुसऱ्या बँकेत. ३० हजारांची एफडी, त्यावर २७ हजारांची मर्यादा. आपलेच पैसे तारण ठेवून आपल्यालाच उधारी, हे पहिल्यापासून पटत नव्हतं, आणि एप्रिलपर्यंत माझं मत होतं की हे कार्ड कुणी घेऊ नये. कारण मी महिन्याला २२ हजारांच्या आसपास खर्च करत होते, शेवटच्या तारखेच्या आधी पै न पै भरत होते आणि तरी स्कोअर ६६८ वरून ६५९ वर आला. रागाने एफडी मोडायलाच निघाले होते.

मत बदललं ते रिपोर्ट पुन्हा नीट वाचल्यावर. त्यात या कार्डापुढे शिल्लक देणं म्हणून जो आकडा होता तो माझ्या स्टेटमेंटचा होता. मी ते नंतर भरलं की नाही, याचा त्या आकड्यात पत्ताच नव्हता. २७ हजारांपैकी २२ म्हणजे ८१ टक्के मर्यादा वापरलेली. ३० टक्क्यांच्या आत राहावं असं जाणकार सांगतात. तो काही कायदा नाही, पण माझ्या बाबतीत ते ८,१०० रुपये होतात. माझं स्टेटमेंट १८ तारखेला तयार होतं. मे महिन्यापासून १६ तारखेलाच बहुतेक रक्कम भरून टाकते, स्टेटमेंटवर चार-पाच हजार राहू देते आणि तेही मुदतीच्या आत पूर्ण भरते. खर्च तितकाच, फक्त भरण्याची तारीख बदलली. जानेवारी २०२५ पासून बँकांना ही माहिती निदान दर पंधरवड्याला ब्युरोंकडे पाठवावी लागते, त्यामुळे फरक दिसायलाही पूर्वीइतका वेळ लागत नाही. जूनमध्ये ७३१, ऑक्टोबरमध्ये ७५८. यात ‘रिटन ऑफ’ शेरा गेल्याचा वाटा किती आणि तारीख बदलल्याचा किती, हे मला वेगळं काढता येणार नाही. एफडीचं व्याज चालू आहे, कार्डाला वार्षिक फी नाही. गैरसोय इतकीच की कार्ड आहे तोवर ते ३० हजार अडकलेले. आता मी हे कार्ड घ्या असंच सांगेन.

मध्ये अण्णांचाही रिपोर्ट काढला. माझे वडील नाशिकरोडच्या नोट प्रेसमधून निवृत्त झाले. सगळी नोकरी नोटांच्या सहवासात गेली, पण बँकेचं कर्ज त्यांनी कधी घेतलं नाही. रिपोर्टात स्कोअरच नव्हता, कर्जाची नोंदच नाही म्हणून. चष्मा लावून त्यांनी दोन्ही पानं वाचली आणि विचारलं, “मग यांच्या लेखी मी चांगला की वाईट गं?” मला पटकन उत्तर देता आलं नाही. पैसे वेळेवर परत करणारा माणूस ब्युरोला कळतो, पण ज्याने मागितलेच नाहीत तो कळत नाही, हे मला त्या दिवशी फार लागलं.

जुलैत आणखी एक धक्का. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही ब्युरोंना वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यावा लागतो. मी ते दर तीन महिन्यांनी एकेक असे काढायचं ठरवलं होतं, म्हणजे पैसे न घालता वर्षभर लक्ष राहतं. दुसऱ्या ब्युरोचा उघडला तर ४,३१६ ची ओळ तिथे तशीच. बँकेने दुरुस्ती एकाच ठिकाणी पाठवली होती. पुन्हा ईमेल, पुन्हा तोच जुना पुरावा. या वेळी चौघांची नावं लिहून चारही ठिकाणी दुरुस्ती झाल्याचं लेखी मागितलं आणि काही देणं बाकी नाही असं नो ड्यूज पत्रही घेतलं. हे मी पहिल्याच पत्रात मागायला हवं होतं. तुम्ही मागा.

नोव्हेंबरात एकच अर्ज केला आणि चार दिवसांत मंजुरी आली. फी १,०००, जीएसटी धरून १,१८०. खर्चाच्या साधारण एक टक्का परत मिळतो, म्हणजे फी वसूल व्हायलाच १,१८,००० रुपये खर्च व्हायला हवेत. पेट्रोल आणि घरभाड्याला या कार्डावर पॉइंट नाहीत. आमचा बाकीचा खर्च वर्षाला दोन लाखांच्या वर जातो म्हणून परवडतं. त्याहून कमी असता तर मी हे घेतलंच नसतं.

आता मिस्टरांची दोन न वापरलेली कार्डं बंद करते आहे, देणं शून्य असल्याची खात्री करून आणि सगळं लेखी. हल्लीच्या नियमाप्रमाणे बँकेला सात कामकाजाचे दिवस मिळतात. एक पाच दिवसांत बंद झालं, पत्र फाइलला लावलं. दुसऱ्याचा आज कामकाजाचा नववा दिवस. दोन दिवसांचे हजार रुपये मागणारा ईमेल सकाळी कॉलेजला निघण्याआधीच पाठवला आहे.