ट्रायम्फ स्पीड ४००: काही महिन्यांच्या वापरानंतर, पेलवणाऱ्या ताकदीविषयी

ट्रायम्फची स्पीड ४०० ही मोटरसायकल गेले काही महिने मी रोजच्या कामासाठी आणि सुट्टीच्या दिवशी वळणावळणांच्या रस्त्यांवर, अशी दोन्ही तऱ्हेने वापरतो आहे. तिच्याआधी काही वर्षे माझ्याकडे चार सिलिंडरची, ६०० सीसीची, पूर्ण फेअरिंग (वारा अडवणारे बाहेरचे आवरण) असलेली स्पोर्ट्‌स बाईक होती. साहजिकच, मोठी गाडी देऊन लहान का घेतली, असे ओळखीच्या बहुतेकांनी विचारले. माझे उत्तर असे, की जी गाडी आपल्याला बरीचशी वापरता येते तीच आपल्याला चालवायला शिकवते आणि तिचीच मजा टिकते. स्पीड ४००च्या बाबतीत हे कितपत खरे ठरले आणि कुठे कमी पडले, ते पुढे मांडतो आहे.

२०२३ मध्ये बाजारात आलेली ही गाडी ट्रायम्फ आणि बजाज ऑटो यांच्या भागीदारीतून तयार झाली आहे. तिचे ३९८ सीसीचे, एका सिलिंडरचे, लिक्विड-कूल्ड इंजिन ८,००० आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) ४० पीएस (अश्वशक्तीचे एकक) शक्ती आणि ६,५०० आरपीएमला ३७.५ न्यूटन-मीटर टॉर्क (चाक फिरवणारा जोर) देते. सहा गिअर, हलका चालणारा स्लिप-असिस्ट क्लच, दोन्ही चाकांना एबीएस (ब्रेक लावताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा), बंद करता येणारा ट्रॅक्शन कंट्रोल (मागचे चाक घसरून फिरू न देणारी यंत्रणा) आणि ७९० मिलिमीटर उंचीची सीट, हे बाकीचे ठळक तपशील. ६०० सीसीच्या सुपरस्पोर्ट गाड्या साधारण ११० ते १२० पीएसच्या असतात. तेव्हा नुसते आकडे पाहणाऱ्याला हा सौदा तोट्याचाच वाटेल.

मात्र ते ११०-१२० पीएस कुठे मिळतात, हेही पाहायला हवे. चार सिलिंडरच्या त्या लहान स्ट्रोकच्या (पिस्टन थोडेच अंतर सरकणाऱ्या) इंजिनांची खरी ताकद १०,००० आरपीएमच्या वर जागी होते आणि पहिलाच गिअर ताशी १०० किलोमीटरच्या पलीकडे जातो. सार्वजनिक रस्त्यावर अशा गाडीचा थ्रॉटल (उजव्या मुठीतला ॲक्सिलरेटर) पूर्ण उघडता येतो तो फार तर दोन-तीन सेकंद. उरलेला सगळा वेळ मनगट आवरण्यात जातो. आवरणे हेही कौशल्यच आहे, हे मान्य. पण त्यातून गिअर निवडण्याचे, इंजिनाचा आवाज ओळखून वेग जोखण्याचे किंवा वळणातून बाहेर पडताना थ्रॉटल हळूहळू उघडत नेण्याचे शिक्षण फारसे मिळत नाही. गाडी कोणत्याही गिअरमध्ये पुढे जाते, त्यामुळे गिअर चुकला हे चालकाला कळतच नाही.

स्पीड ४०० ते लगेच कळवते. तिची रंगत साधारण ४,००० ते ७,५०० आरपीएमच्या पट्ट्यात आहे. चढावरच्या आवळत्या वळणात तिसऱ्याऐवजी चौथ्या गिअरमध्ये शिरलात, तर बाहेर पडताना इंजिन धडधडत राहते, गाडी ओढ घेत नाही आणि पुढचा सरळ तुकडा वाया जातो. दुसऱ्या वेळी तेच वळण तिसऱ्यात घेतले, ब्रेक थोडा आधी सोडला आणि वळणाचा शेवट दिसू लागताच थ्रॉटल उघडायला सुरुवात केली, की पुढे तो पूर्ण पिळता येतो. मागचे टायर रस्त्याला चिकटून ढकलते आहे हे सीटमधून जाणवते आणि आरपीएम ८,०००कडे सरकले की चौथा टाकायचा. एवढ्याशा गोष्टीत मला जेवढे समाधान मिळाले, तेवढे आधीच्या गाडीच्या कोणत्याही वेगाने दिले नव्हते. हे वाचताना हसणारे हसोत.

वळणाचे गणित इथे थोडे तपशिलात मांडतो, कारण गाडीची ताकद आणि चालकाची तयारी यांची खरी गाठ तिथे पडते. वळणाची त्रिज्या ३० मीटर धरली आणि वेग ताशी ४५ किलोमीटर असला, तर गाडी साधारण २८ अंश कलवावी लागते. तेच वळण ताशी ६० किलोमीटरने घ्यायचे तर कल सुमारे ४३ अंशांवर जातो. (टायरच्या रुंदीमुळे प्रत्यक्षात तो किंचित अधिकच असतो.) वेग एक-तृतीयांशाने वाढला, पण २८ अंशांवर निवांत असणारे बहुतेक चालक ४३ अंशांवर ताठरतात, नजर वळणाच्या शेवटाकडून समोरच्या कठड्याकडे जाते आणि हात हँडल घट्ट धरून बसतात. दोन वळणांमधला लहानसा सरळ तुकडा ताकदवान गाडी इतक्या चटकन गिळते, की हे जादाचे १५ किलोमीटर चालकाने ठरवून घेतलेले नसतात. ते आपोआप आलेले असतात. ४० पीएसच्या गाडीवर तोच वेग मिळवण्यासाठी मुद्दाम प्रयत्न करावा लागतो, म्हणजेच तो आधी मनात ठरवावा लागतो. माझ्या दृष्टीने या गाडीचा सर्वांत मोठा गुण हाच आहे.

ब्रेकबद्दलही असेच काहीसे म्हणता येईल. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाचे हॅरी हर्ट यांच्या गटाने लॉस एंजेलिस परिसरातल्या ९०० मोटरसायकल अपघातांचा घटनास्थळी जाऊन अभ्यास केला आणि १९८१ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. अपघाताआधीचा मध्यक वेग ताशी सुमारे ४८ किलोमीटरच निघाला, आणि चालकाला काही करण्यासाठी मिळणारा वेळ दोन सेकंदांहून किंचित कमी. एवढ्या वेळात बहुतेकांनी मागचा ब्रेक जास्त दाबला, पुढचा पुरेसा वापरला नाही आणि काउंटरस्टिअरिंग करून (वळायचे त्या बाजूचे हँडल पुढे ढकलून) बाजूला वळणे त्यांना जवळजवळ जमलेच नाही. त्या काळी एबीएस नव्हते आणि आज पुढचे चाक लॉक होण्याची भीती कमी झाली आहे. तरीही लिव्हर आधी हलकेच ओढून, वजन पुढच्या टायरवर आले की मग जोर वाढवायचा, ही सवय एबीएस लावून देत नाही. पावणेदोनशे किलोच्या आसपासच्या या गाडीवर तो सराव मोकळ्या जागेत पुन्हापुन्हा करताना दडपण येत नाही, म्हणून तो होतो. जड आणि उंच गाडीवर तो उद्यावर ढकलला जातो.

कमी वेगातही फरक जाणवतो. दोन्ही पाय जमिनीला नीट टेकतात. अर्धा क्लच आणि मागच्या ब्रेकवर हलका पाय ठेवून अरुंद रस्त्यात गाडी वळवता येते. चालक म्हणून आपली खरी परीक्षा वेगात होते असा समज आहे, पण मला तरी चालण्याच्या वेगाने घेतलेले वळण अधिक बोलके वाटते.

सस्पेन्शनविषयी एक सूचना. पुढचा फोर्क (पुढच्या चाकाचे सस्पेन्शन) ॲडजस्ट करता येत नाही, मात्र मागच्या शॉकचा प्रीलोड (स्प्रिंगवर आधीच दिलेला दाब) बदलता येतो आणि तो आपल्या वजनाप्रमाणे लावून घ्यायलाच हवा. पूर्ण पोशाखात गाडीवर बसल्यावर मागचे सस्पेन्शन त्याच्या एकूण वरखाली हालचालीच्या साधारण तीस टक्के खाली बसले, तर ते ठीक आहे असे समजावे. त्याहून फार कमी बसले तर गाडी खड्ड्यांवर उडते, फार जास्त बसले तर वळणात आळसावते. गाडी आपल्याला जुळत नाही अशी तक्रार करणाऱ्यांपैकी कितीतरी जणांनी प्रीलोडला हातच लावलेला नसतो.

आता मर्यादा. अंगावर फेअरिंग नसल्यामुळे ताशी १०० किलोमीटरच्या पुढे वारा छातीवर आदळतो आणि तासाभरात मान बोलू लागते. हा या प्रकारच्या गाडीचा स्वभावच आहे. पाठीमागे माणूस आणि सामान असताना चढावर ओव्हरटेक करायचा तर एक-दोन गिअर खाली आणून आधीपासून अंदाज बांधावा लागतो. ज्यांचा बहुतेक प्रवास रुंद, सरळ महामार्गांवर, दिवसाला कैकशे किलोमीटरचा आणि दोघांचा आहे, त्यांनी दोन सिलिंडरची, विंडशील्ड असलेली गाडी पाहावी. त्यांच्यासाठी शिक्षणापेक्षा आराम महत्त्वाचा आहे आणि त्यात गैर काही नाही. ही गाडी फक्त नवशिक्यांची, असा शिक्का मारणाऱ्यांशी मात्र मी सहमत नाही. युरोपात २०१३ पासून लागू असलेल्या ए-टू (मध्यम ताकदीच्या मोटरसायकलींच्या) परवान्याची कमाल मर्यादा ३५ किलोवॉट आणि वजनाच्या प्रत्येक किलोमागे ०.२ किलोवॉट अशी आहे. स्पीड ४०० साधारण २९.५ किलोवॉटची असल्याने त्यात सहज बसते. पण तो आकडा परवानगीची कमाल मर्यादा सांगतो. अनुभवी चालकाला कुठवर मजा येईल, हे त्यावरून ठरत नाही.

याहून मोठी गाडी कधी घ्यावी, याची माझी कसोटी साधी आहे. ओळखीच्या रस्त्यावर थ्रॉटल बहुतेक सरळ तुकड्यांत पूर्ण उघडला जातो आहे, गिअर न बघता अचूक पडतो आहे, ओल्या रस्त्यावरही ब्रेकचा जोर बोटांना ठरवता येतो आहे, आणि हे सगळे असून गाडी मागे पडते असे वाटते आहे, तर ताकद वाढवायला हरकत नाही. यातले एक जरी जमत नसेल, तर तोच पैसा चांगल्या टायरवर, अंगाला बसणाऱ्या संरक्षक पोशाखावर आणि एखाद्या प्रशिक्षण वर्गावर घातलेला मी पसंत करीन. माझ्यापुरते सांगायचे तर ओल्या रस्त्यावरचा ब्रेक अजून हवा तसा बसलेला नाही, त्यामुळे ही गाडी एवढ्यात तरी बदलणार नाही.