भीती कुठे घालायची: समीकरणात की एजंटमध्ये?

साथीच्या मॉडेलमध्ये लोकांचं वागणं आणायचंय, पण कोणत्या पद्धतीने, इथे बरेच जण अडतात. पद्धती दोन: सगळ्या लोकसंख्येसाठी मिळून समीकरणं, किंवा संगणकात एकेक माणूस, म्हणजे एजंट, वेगळा चालवणं.

समीकरणांचा पाया 1927 चा. करमॅक आणि मॅकेन्ड्रिक या संशोधकांनी तो मुंबईतल्या 1905-06 च्या प्लेगच्या साप्ताहिक मृत्यूंना लावून पाहिला. त्यात लोक घाबरत नाहीत. घाबरवायचे तर लागणदराला, म्हणजे लागण पसरण्याच्या वेगाला, (1 + क × म) ने भागा. म म्हणजे रोजचे मृत्यू, क म्हणजे बिचकण्याचं प्रमाण. क 0.1 आणि म 10 असेल तर दर थेट निम्मा. जादा आकडा एकच, उत्तर सेकंदात.

घोळ दोन. मृत्यू लागणीनंतर काही आठवड्यांनी होतात. तो विलंब धरला नाही तर लाटांऐवजी गुळगुळीत पठार दिसतं. आणि आलेख भीतीने वाकला, की लागण होण्याजोगी माणसंच संपली म्हणून वाकला, हे नुसत्या रुग्णसंख्येवरून कळत नाही. सिरो सर्वेक्षण, म्हणजे रक्तातल्या अँटिबॉडी तपासून किती जणांना लागण होऊन गेली ते पाहणं, हवंच.

एजंट मॉडेलमध्ये घर, शाळा, लोकलचा डबा वेगळे ठेवता येतात. शेजाऱ्याचं बघून मास्क लावणाराही. पण प्रत्येक नियमाला आकडा लागतो, तो बहुतेकदा अंदाजपंचे असतो. शिवाय कोणाला लागण होते हे त्यात योगायोगाने ठरतं, त्यामुळे निकाल दरवेळी बदलतो, म्हणून शंभरेक वेळा चालवा.

जिल्ह्याला पुढच्या महिन्यातल्या खाटा मोजायच्या असतील तर समीकरणं. लस नाकारणारे एकाच वस्तीत असतील किंवा शाळा बंद ठेवायच्या का हे ठरवायचं असेल, तर एजंट.