झॅम्प: कॉलेजच्या लॅबमधला वापरानंतरचा अनुभव (मुख्यतः अपाचे आणि मायएसक्यूएल सुरू होत नाहीत तेव्हाचा)

पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये पीएचपीची प्रॅक्टिकल्स घ्यायला विंडोजच्या मशीनवर झॅम्प (XAMPP, आपल्याच मशीनवर वेबसाइट चालवून बघायचं पॅकेज) वापरतेय, त्याला आता बरेच महिने झाले. फुकट आहे. एकाच इन्स्टॉलरमध्ये अपाचे हा वेब सर्व्हर, मारियाडीबी हा डेटाबेस सर्व्हर (पॅनलवर त्याचं नाव मायएसक्यूएल), आणि पीएचपी व पर्ल या भाषा येतात. नेक्स्ट-नेक्स्ट करत गेलं, की ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट (म्हणजे हेच मशीन) टाइप केल्यावर केशरी पान उघडतं. एवढं सगळीकडे लिहिलेलं आहे, म्हणून इन्स्टॉलेशनबद्दल काही लिहीत नाही. एकच सांगते, प्रोग्राम फाइल्समध्ये टाकू नका. तिथे विंडोज परवानग्यांवरून अडवतं. सी ड्राइव्हवर सरळ झॅम्प नावाच्या फोल्डरमध्येच राहू द्या.

खरा अनुभव येतो तो स्टार्ट दाबूनही काही सुरू होत नाही तेव्हा. झॅम्पच्या कंट्रोल पॅनलवर नाव हिरवं होण्याऐवजी खाली लाल अक्षरं येतात, 'अपाचे शटडाउन अनएक्स्पेक्टेडली'. पुढे कारणांची यादी: पोर्ट (सर्व्हर ज्या क्रमांकाच्या दारावर ऐकतो ते दार) अडलेला असेल, लागणाऱ्या फायली नसतील, परवानग्या कमी पडल्या असतील, क्रॅश झालं असेल, किंवा दुसऱ्याच कशाने तरी बंद केलं असेल. डॉक्टरने नाडी बघून 'ताप असेल, पित्त असेल, नाहीतर नजर लागली असेल' म्हणावं, तसला हा प्रकार. पोरांचा पहिला उपाय ठरलेला असतो. 'मॅडम, काढून परत टाकू का?' पोर्टवर दुसरं कोणी बसलं असेल तर कितीही वेळा परत टाका, तेच होणार. वर त्या भानगडीत आधीचा डेटाबेस उडतो तो वेगळाच.

माझं मत असं, की झॅम्पमधलं सगळ्यात कामाचं बटण स्टार्ट नाही, त्याच ओळीतलं लॉग्ज आहे. लाल मजकूर ढोबळ असतो. नेमकं काय झालं ते एरर लॉगच्या तळाशी असतं, म्हणून फाइल उघडायची आणि थेट शेवटी जायचं. लॉगमध्ये एक ओळही नवीन आलेली नसेल, तर अपाचे लॉग लिहिण्याइतकंही पुढे गेलेलं नाही. बहुतेक वेळा तेव्हा कॉन्फिग फाइलमध्ये गडबड असते किंवा व्हिज्युअल सी प्लस प्लसच्या रनटाइम फायली मशीनवर नसतात.

कॉन्फिगची शंका असली की पॅनलवरचं शेल बटण दाबून 'एचटीटीपीडी -टी' ही कमांड द्यावी. सगळं ठीक असेल तर 'सिंटॅक्स ओके', नसेल तर कुठल्या फाइलच्या कितव्या ओळीवर चूक आहे ते आकड्यासकट येतं. ही कमांड पोरांना कुणी सांगतच नाही! आमच्याकडे हमखास सापडणाऱ्या चुका दोन. व्हॉट्सअ‍ॅपवरून कॉपी केलेल्या ओळीतली वळणदार अवतरणचिन्हं ही एक, आणि डॉक्युमेंटरूटमध्ये (साइटच्या फायली कुठे आहेत ते सांगणाऱ्या ओळीत) असा पत्ता, की जे फोल्डर त्या मशीनवर नाहीच, ही दुसरी.

पण निम्म्याहून जास्त वेळा गाडी पोर्टवरच अडते. अपाचेला ८० आणि ४४३ हे पोर्ट लागतात, मायएसक्यूएलला ३३०६. एका पोर्टवर एकाच वेळी एकालाच बसता येतं. आमच्या लॅबमध्ये ही भांडणं होणारच, कारण त्याच मशीनवर दुसऱ्या वर्गाची डॉट नेटची प्रॅक्टिकल्स चालतात आणि त्यांना आयआयएस, म्हणजे मायक्रोसॉफ्टचा वेब सर्व्हर, लागतं. तेही ८० वरच ऐकतं. ओळखायची सोपी खूण म्हणजे झॅम्प पूर्ण बंद असताना लोकलहोस्ट उघडून बघायचं. आयआयएसचं निळं स्वागताचं पान आलं, तर विषय संपला.

पान नाही आलं तर पॅनलच्या उजवीकडे नेटस्टॅट बटण आहे. कोणत्या पोर्टवर कोणता प्रोग्राम बसलाय त्याची यादी मिळते. ८० समोर 'सिस्टीम' आणि पीआयडी (चालू प्रोग्रामचा नंबर) ४ दिसलं की पोरं घाबरतात, कारण टास्क मॅनेजरमधून ते मारता येत नाही. मारायचंही नाही. तो विंडोजचा गाभा आहे, त्यात एचटीटीपी.सिस नावाचा ड्रायव्हर असतो आणि तो दुसऱ्या कुणासाठी तरी पोर्ट धरून बसलेला असतो. बहुतेकदा आयआयएससाठी, कधी एसक्यूएल सर्व्हरच्या रिपोर्टिंग सर्व्हिसेससाठी. सर्व्हिसेसच्या यादीत 'वर्ल्ड वाइड वेब पब्लिशिंग सर्व्हिस' शोधून स्टॉप करायची आणि स्टार्टअप टाइप मॅन्युअल करायचा, नाहीतर मशीन रीस्टार्ट झाल्यावर पुन्हा तेच. यात फसवणारी गोष्ट म्हणजे लॉगमध्ये १००१३ नंबर येतो आणि सोबत 'परवानगी नाही' अशा अर्थाचं वाक्य. ते वाचून लोक अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवत बसतात. पोर्ट दुसऱ्याने एकट्यासाठी धरून ठेवला असेल तरी विंडोज हाच नंबर देतं.

जिथे आयआयएस बंद करून चालत नाही, तिथे आम्ही अपाचेचा पोर्ट बदलला. एचटीटीपीडी.कॉन्फमध्ये 'लिसन ८०' आणि 'सर्व्हरनेम लोकलहोस्ट:८०' या दोन्ही ठिकाणी नवा आकडा. सगळे ८०८० सुचवतात, पण जावाच्या लॅबमध्ये टॉमकॅट हा जावाचा सर्व्हर ८०८० वरच असतो, म्हणून आम्ही ८०८१ घेतला. यानंतरही अपाचे पडलं तर ४४३ बघा. तुम्हाला एचटीटीपीएस नको असलं तरी ४४३ मिळाला नाही की अपाचे सगळंच गुंडाळतं. तो आकडा वेगळ्या फाइलमध्ये आहे, एक्स्ट्रा फोल्डरमधल्या एसएसएलच्या कॉन्फमध्ये. आणि पॅनलच्या कॉन्फिगमधलं 'सर्व्हिस अँड पोर्ट सेटिंग्ज' बदलून सर्व्हरचा पोर्ट बदलत नाही. ते फक्त पॅनलने कुठला पोर्ट तपासायचा त्यापुरतं आहे. हे नाव ठेवणाऱ्याला माझा नमस्कार.

मायएसक्यूएलचा त्रास निराळा. बटणावर मायएसक्यूएल लिहिलंय, पण २०१५ पासून आत मारियाडीबी आहे. जावाच्या जेडीबीसी (जावातून डेटाबेसला जोडायच्या) प्रॅक्टिकलसाठी बऱ्याच मशीनवर खरं मायएसक्यूएलही टाकलेलं असतं. ते विंडोज सर्व्हिस म्हणून मशीन चालू होतानाच ३३०६ धरतं. मग झॅम्पचं मायएसक्यूएल हिरवं होत नाही, पण पीएचपीमायअ‍ॅडमिन (ब्राउझरमधून डेटाबेस हाताळायचं पान) उघडलं की 'अ‍ॅक्सेस डिनाइड फॉर युजर रूट' (रूट म्हणजे डेटाबेसचा मुख्य युजर) येतं. पोरं पासवर्ड शोधत बसतात. झॅम्पच्या रूटला मुळात पासवर्डच नसतो. तिथे उत्तर देतोय तो दुसराच सर्व्हर, आणि पासवर्ड मागतोय तो जावावाल्यांचा. सर्व्हिस बंद करा, किंवा झॅम्पला ३३०७ द्या. ३३०७ दिलात तर पीएचपीमायअ‍ॅडमिनच्या कॉन्फिग फाइलमध्ये आणि तुमच्या कोडमधल्या कनेक्शनमध्येही तो आकडा घालावा लागेल.

आता लाईट जाण्याबद्दल. आमच्याकडे पावसाळ्यात लाईट जाते, आणि लॅबमधल्या सगळ्याच यूपीएसच्या बॅटऱ्या काही ठणठणीत नसतात. मशीन धाडकन बंद पडलं की अपाचेला काही होत नाही, मारियाडीबीला मात्र होऊ शकतं. नंतर स्टार्ट दाबलं की क्षणभर पिवळं होतं आणि परत लाल अक्षरं. लॉगच्या तळाशी 'अ‍ॅरिया रिकव्हरी फेल्ड' दिसलं, तर डेटा फोल्डरमधल्या 'अ‍ॅरिया_लॉग'ने सुरू होणाऱ्या फायली, कंट्रोलवाली धरून, दुसरीकडे हलवायच्या आणि पुन्हा स्टार्ट करायचं. डिलीट नाही, हलवायच्या. पुष्कळदा एवढ्यावर भागतं.

नाही भागलं तर दुसरा रस्ता. सर्व्हर बंद ठेवून डेटा फोल्डरचं नाव बदलून जुना डेटा असं काहीतरी करा. शेजारीच बॅकअप नावाचं फोल्डर झॅम्पसोबतच येतं, त्याची प्रत काढून तिला डेटा नाव द्या. जुन्यातून फक्त तुमच्या डेटाबेसची फोल्डरं आणि आयबीडेटा१ ही फाइल नव्यात आणा. मायएसक्यूएल, परफॉर्मन्स स्कीमा वगैरे सिस्टीमची फोल्डरं आणायची नाहीत.

इथे एक गोष्ट जोर देऊन सांगते, कारण याच्या उलटा सल्ला व्हिडिओंमध्ये सर्रास दिला जातो. आयबीडेटा१ उडवू नका. ती उडवली की सर्व्हर पुष्कळदा हिरवा होतो, म्हणून सल्ला देणाऱ्याला वाटतं काम झालं. पण इनोडीबीच्या (डेटाबेसमध्ये टेबलं साठवणाऱ्या इंजिनच्या) टेबलांची नोंदवही त्या फाइलमध्येच असते. ती गेली की डावीकडच्या यादीत टेबलांची नावं दिसतात, क्लिक केलं की 'टेबल डझन्ट एक्झिस्ट इन इंजिन'. सबमिशनच्या आदल्या दिवशी एका ग्रुपचं हे झालं होतं. नशीब, त्यातल्या एकीने गाइडला दाखवायला डेटाबेस एक्स्पोर्ट करून मेलवर टाकला होता. तेव्हापासून आमच्या लॅबमध्ये प्रॅक्टिकल संपलं की पीएचपीमायअ‍ॅडमिनमधून एक्स्पोर्ट, मग मायएसक्यूएल स्टॉप, मग शटडाउन. एचटीडॉक्स (पीएचपीच्या फायलींचं फोल्डर) पेनड्राइव्हवर घेतलं म्हणजे बॅकअप झाला हा समज फार पक्का आहे. त्यात डेटाबेस नसतो.

सुरक्षेचं थोडक्यात. रूटला पासवर्ड नाही, म्हणजे हे शिकायला आणि घरी बनवायला आहे. ग्राहकाची साइट यावर उभी करू नका.

गुण द्यायचे तर पाचात साडेतीन. अर्धा गुण त्या लाल मजकुरासाठी कापला, बाकीचा गुण आवृत्तीसाठी. आम्ही वापरतो त्या ८.२.१२ मध्ये पीएचपी ८.२ आहे. अभ्यासक्रमाला पुरतं, पण नवी फ्रेमवर्क्स शिकणाऱ्यांना कमी पडू शकतं. त्यांनी लॅरागॉन हे असंच दुसरं पॅकेज बघावं, त्यात पीएचपीच्या आवृत्त्या बदलणं सोपं आहे. आणि नुसत्या फॉर्म आणि लूपच्या प्रॅक्टिकलसाठी अपाचेची गरजच नाही. पीएचपी ५.४ पासून स्वतःचा छोटा सर्व्हर आत घेऊन येतं. फोल्डरमध्ये जाऊन 'पीएचपी -एस लोकलहोस्ट:८०००' दिलं की पान दिसतं, यातला एस मोठ्या लिपीतला हवा. पहिल्या काही आठवड्यांची प्रॅक्टिकल्स यंदा मी त्यावरच घेणार आहे.