पुलमनचं सीझन तिकीट: दोन टीमच्या कॉन्फरन्सचे दोन सीझन

वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीच्या अमेरिकन फुटबॉल टीमचं सीझन तिकीट (सीझनभरातल्या घरच्या गेमचं एकत्र तिकीट) घेऊ का असं हल्ली बरेच जण विचारतात, प्रत्येकाला फोनवर अर्धा तास सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. मी तिथेच, पुलमनला, एमएस केलं, आता सिअ‍ॅटलजवळ राहते, २०२४ आणि २०२५ असे दोन्ही सीझन तिकीट घेतलं होतं. म्हणजे अख्खी कॉन्फरन्स फुटून फक्त आम्ही आणि ऑरेगन स्टेट उरलो, ते दोन सीझन. त्यामुळे हा रिव्ह्यू नुसता सीटचा आणि पार्किंगचा नाही, समोर खेळायला कोण येतं याचा जास्त आहे. तिकीट आपण त्याचंच घेतो ना.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेत कॉलेजच्या टीम कॉन्फरन्समध्ये खेळतात, म्हणजे ठरलेल्या शेजाऱ्यांशी दरवर्षी गाठ. आमची पॅसिफिक किनाऱ्यावरची कॉन्फरन्स १९१५ साली पोर्टलंडमध्ये सुरू झाली, आम्ही १९१७ ला आत आलो, नावं बदलत बदलत शेवटी २०११ मध्ये पॅक-१२ झाली. मग ३० जून २०२२ ला लॉस एंजलिसच्या यूएससी आणि यूसीएलए यांनी बिग टेन या दुसऱ्या कॉन्फरन्सला जायचं जाहीर केलं. वर्षभर सगळे टीव्हीच्या नव्या कराराची वाट बघत बसले, करार मनासारखा येईना, जुलै २०२३ मध्ये कोलोरॅडो गेलं, आणि ४ ऑगस्टला एकाच दिवसात पाच जण उठले, ऑरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनकडे, अ‍ॅरिझोना, अ‍ॅरिझोना स्टेट आणि यूटा बिग १२ या आणखी एका कॉन्फरन्सकडे. १ सप्टेंबरला स्टॅनफर्ड आणि कॅल (बर्कलीची युनिव्हर्सिटी) एसीसीत. एसीसी म्हणजे अटलांटिक किनाऱ्याची कॉन्फरन्स, आणि बर्कलीच्या टेकडीवरून दिसतो तो पॅसिफिक! त्या शुक्रवारी, ४ ऑगस्टला, मी ऑफिसात दर दहा मिनिटांनी फोन बघत होते आणि प्रत्येक वेळी घरातलं एक माणूस कमी झालेलं असायचं.

माझा नवरा यूडब्ल्यूचा, म्हणजे वर आलेल्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनचा, त्यांच्या भाषेत हस्की. आमच्या घरात अ‍ॅपल कपचा, म्हणजे या दोन टीमच्या आपसातल्या गेमचा, आठवडा पूर्वी थँक्सगिव्हिंगचा आठवडा असायचा, टर्की आणि जांभळं-लाल भांडण (जांभळे ते, लाल आम्ही) एकाच टेबलावर. २०२३ चा अ‍ॅपल कप त्यांनी शेवटच्या किकवर २४-२१ जिंकला आणि तिथून ते थेट नॅशनल फायनलला गेले, मी त्यांच्यासाठी टाळ्याही वाजवल्या, पण शेजार सोडून जायला निघालेल्या माणसाचं कौतुक करताना घशात काहीतरी अडकतंच. गेम बंद नाही झाला हे खरं, २०२८ पर्यंत खेळायचं दोघांनी ठरवलंय, पण थँक्सगिव्हिंगवरून उचलून सप्टेंबरमध्ये टाकला. सप्टेंबरमध्ये दोन्ही टीम अजून नीट जमलेल्या नसतात, थंडी नसते, सीझनभराचा हिशोब चुकता करायचा नसतो. २०२४ ला लुमेन फील्ड स्टेडियमवर आम्ही २४-१९ जिंकलो, शेवटी गोल लाइनपासून एका यार्डावर चौथ्या डाउनला, म्हणजे शेवटच्या प्रयत्नाला, त्यांना अडवलं, माझा आवाज दोन दिवस बसला होता, तरी घरी येताना नवरा म्हणाला की हे नोव्हेंबरमध्ये हवं होतं, आणि मी काहीच बोलले नाही कारण मलाही तेच वाटत होतं. (२०२५ ला पुलमनमध्ये त्यांनी आम्हाला ५९-२४ धुतलं, त्यावर एवढंच.)

आता तिकिटात काय मिळालं ते. २०२४ ला घरचे सहा गेम. माउंटन वेस्ट कॉन्फरन्सशी एका सीझनचा करार होता, आम्ही आणि ऑरेगन स्टेटने मिळून १.४ कोटी डॉलर मोजले आणि त्यांच्या टीमशी प्रत्येकी सहा गेम मिळवले. कागदावर बघितलं तर स्टॅनफर्ड, यूसीएलएच्या जागी सॅन होजे स्टेट, हवाई, यूटा स्टेट, वायोमिंग. माझ्या ग्रुपमधल्या दोघांनी तिथेच तिकीट सोडलं, म्हणाले हे बघायला पाच तास गाडी चालवायची का.

चालवायची. २० सप्टेंबर २०२४, शुक्रवारची रात्र, सॅन होजे स्टेट. रजा टाकून गेले होते आणि मनात धाकधूक होती की स्टेडियम अर्धं रिकामं दिसेल. गेम गेला डबल ओव्हरटाइमला आणि आम्ही जिंकलो ५४-५२. मी त्या स्टेडियममध्ये यूएससीचे गेम बघितलेत, ऑरेगनचे बघितलेत, पण त्या रात्री अनोळखी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडत होती तसं क्वचित बघितलंय. समोरच्या टीमच्या हेल्मेटवर कुठला लोगो आहे याचा त्या क्षणी कुणालाही काही फरक पडत नव्हता. जॉन मटीर आमचा क्वार्टरबॅक (बॉल फेकून खेळ चालवणारा) होता, असा धावायचा की पूर्ण स्टँड उभा. आठ विजय, एक पराभव इथपर्यंत गेलो, प्लेऑफच्या रँकिंगमध्ये १८ व्या नंबरवर, आणि मग न्यू मेक्सिकोकडून तीन पॉइंटने, ऑरेगन स्टेटकडून तीन पॉइंटने, वायोमिंगकडून एका पॉइंटने हरलो. वायोमिंगचा १५-१४ चा गेम मी थंडीत शेवटपर्यंत बसून बघितला. डिसेंबरमध्ये कोच डिकर्ट वेक फॉरेस्टला गेले, मटीर ओक्लाहोमाला.

हा तिकिटाचा सगळ्यात दुखरा भाग आहे आणि तो पुलमनच्या हातात नाही. टीव्हीचे पैसे जिकडे, खेळाडू तिकडे. बिग टेनने २०२२ मध्ये फॉक्स, सीबीएस आणि एनबीसीशी सात वर्षांचा करार केला, सात अब्ज डॉलरच्या वरचा. आमच्यासारख्या ठिकाणी आता मुलगा घडतो, एखाद-दोन वर्षं दिसतो आणि जातो. कॅम वॉर्ड आमच्याकडे दोन वर्षं खेळला, मग मायामीला गेला आणि २०२५ च्या ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक टीम खेळाडू निवडतात तो) पहिल्या नंबरवर घेतला गेला. ऑक्टोबर २०२४ मध्ये मायामी बर्कलीला आली होती, कॅल ३५-१० ने पुढे, आणि वॉर्डने तो गेम ओढत ओढत ३९-३८ ला नेला. आमचा जुना मुलगा, आमच्या जुन्या शेजाऱ्याच्या मैदानावर, आणि गेम कशाचा तर अटलांटिक कॉन्फरन्सचा. आनंद कशाचा मानायचा तेच कळेना. पोराचं भलं झालं याचा मानला.

जे गेले त्यांना तरी काय मिळालं हेही बघा. कॅल आणि स्टॅनफर्ड एसीसीत सुरुवातीची सात वर्षं टीव्हीच्या वाट्याचे ३० टक्केच घेणार आहेत. ऑरेगन आणि वॉशिंग्टनसुद्धा बिग टेनचा पूर्ण वाटा घेत नाहीत. यूडब्ल्यू पहिल्याच सीझनला रटगर्सशी खेळायला देशाच्या दुसऱ्या टोकाला गेली आणि २१-१८ हरून आली. फुटबॉलवाले निदान चार्टर विमानाने आठवड्यातून एकदा जातात, पण व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉलच्या मुलींचं काय, तीन टाइम झोन ओलांडून मधल्या वारी खेळायचं आणि परत येऊन परीक्षा द्यायची. या मुली कुठल्याही टीव्ही कराराचं कारण नव्हत्या. मला या सगळ्यात सर्वात जास्त राग याचा येतो.

टीव्हीवर बघणाऱ्यांसाठी: २०२४ चे आमचे घरचे बरेच गेम सीडब्ल्यू चॅनलवर होते, साध्या अँटेनावर फुकट दिसायचे, याला पाचपैकी पाच. पूर्वी पॅक-१२ चं स्वतःचं नेटवर्क होतं, २०१२ ला सुरू झालं, पण ते डायरेक्टीव्ही या सॅटेलाइट टीव्ही सेवेवर कधी आलंच नाही, कितीतरी घरांत आमचे गेम दिसायचेच नाहीत, जून २०२४ ला बंद झालं. मात्र बाकीच्या जुन्या शेजाऱ्यांचे गेम बघायचे तर आता कुणाचं कुठल्या चॅनलवर, कुणाचं कुठल्या अ‍ॅपवर, आमच्या घरी दोन टीम म्हणजे सबस्क्रिप्शनची रांग लागलीये. एका अ‍ॅपने तर ऐन चौथ्या क्वार्टरमध्ये मान टाकली, लॉगिन परत मागितलं, आणि चालू होईपर्यंत टचडाउन होऊन गेला होता. त्याचं नाव लिहीत नाही, पैसे मात्र त्या महिन्यानंतर बंद केले.

२०२५ चं तिकीट जरा पातळ होतं, खोटं कशाला बोलू. माउंटन वेस्टचा करार संपला होता, मग जो मिळेल त्याच्याशी गेम. टीम मिसिसिपीत ओल मिसकडे गेली, तिथे २४-२१ हरली पण कडवी झुंज दिली, व्हर्जिनिया राज्यात दोनदा गेली. आणि ऑरेगन स्टेटशी एकाच महिन्यात दोनदा, १ नोव्हेंबरला त्यांच्याकडे १०-७ हरलो, २९ ला आमच्याकडे ३२-८ जिंकलो. त्या दिवशी त्यांचे नारिंगी जर्सीवाले लोक पार्किंगमध्ये आमच्या टेबलाशी येऊन जेवून गेले. संकटात जो सोबत राहिला तोच आपला, दोन वर्षांत त्यांच्याशी जी जवळीक झाली ती आधी शंभर वर्षांत नव्हती असं मला वाटतं. आठ मैलांवरच्या आयडाहो युनिव्हर्सिटीची टीमही आली होती, १३-१० ला कसंबसं जिंकलो. आठ मैलांवरून येणारे विरोधक, बघा, अशीच असायची ही गोष्ट.

आणि एकटं पडणं हे आमच्या लोकांना नवीन नाही. १९५९ मध्ये जुनी कॉन्फरन्स मोडली तेव्हा वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्नियाच्या चौघांनी मिळून नवी काढली, आम्हाला आत घ्यायला १९६२ उजाडलं. या वेळी तर कोर्टात जावं लागलं. व्हिटमन काउंटीच्या कोर्टाने नोव्हेंबर २०२३ मध्ये सांगितलं की उरलेले दोघेच कॉन्फरन्सचा कारभार बघतील, मग जाणाऱ्या दहा जणांशी तडजोड झाली. ते कोर्ट कोलफॅक्समध्ये आहे, पुलमनला जाताना वाटेतच लागतं. आम्ही तिथून जाताना हॉर्न वाजवतो.

आता पुढचं. १ जुलै २०२६ पासून पॅक-१२ परत भरतेय: बॉइसी स्टेट, कोलोरॅडो स्टेट, फ्रेझ्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट, यूटा स्टेट, टेक्सस स्टेट, आणि फुटबॉल सोडून बाकी खेळांसाठी गोन्झागा. गोन्झागा स्पोकेनला, पुलमनहून दीड तासाच्या आत, बास्केटबॉलवाल्यांची तर चंगळ. पण एक गोष्ट मला सलते आणि लिहायलाच हवी. यातल्या पाच टीम आपण माउंटन वेस्टमधून काढल्यात, ज्यांनी अडचणीत आपल्याला गेम दिले त्यांच्याच घरातून. करारात तशा टीम नेल्यास दंडाचं कलम होतं, पाच टीमचा मिळून साडेपाच कोटी डॉलर, आणि आपली कॉन्फरन्स ते द्यायचं नाही म्हणून कोर्टात गेली. कॉन्फरन्स टिकवायला आठ टीम लागतात, दोन वर्षांचीच मुदत होती, दुसरा रस्ता दिसत नव्हता हे मला समजतं. तरी वायोमिंगच्या, न्यू मेक्सिकोच्या फॅनला ऑगस्ट २०२३ मध्ये मला वाटलं तेच वाटत असणार.

तर तिकीट घ्यायचं का? मोठी नावं बघायची असतील तर नका घेऊ, सिअ‍ॅटलला यूडब्ल्यूकडे जा, ओहायो स्टेट, मिशिगन तिकडेच येणार. कॉलेज फुटबॉल बघायचा असेल तर घ्या. स्टेडियम लहान आहे, तेहतीस हजारांच्या आत, कुठेही बसलात तरी खेळाडूंचे आवाज येतात. विद्यार्थी शेवटपर्यंत थांबतात. युनिव्हर्सिटीच्या फर्डिनंड्स दुकानातलं आइस्क्रीम खा, कूगर गोल्ड चीजचा डबा घेऊन या. आणि कॉलेज गेमडे हा कॉलेज फुटबॉलचा कार्यक्रम कधी टीव्हीवर लावलात तर मागे गर्दीत आमचा लाल झेंडा शोधा, २००३ पासून प्रत्येक कार्यक्रमात कुणीतरी कूग, म्हणजे आमच्या टीमचा फॅन, तो तिथे जाऊन फडकवतो, गेम कुणाचाही असो.

राहायचं लवकर बुक करा आणि कॅन्सल करता येईल असंच करा, कारण गेमची वेळ टीव्हीवाले कधीकधी सहाच दिवस आधी सांगतात, आमचे एकदा मोटेलचे पैसे बुडालेत. पश्चिमेकडून येताना व्हँटेजचा पूल ओलांडला की २६ नंबरचा रस्ता धरा, पेट्रोल ऑथेलोला भरा, त्यापुढे कोलफॅक्सपर्यंत फार काही नाही, नुसते गव्हाचे डोंगर. २०२६ ची आमची दोन्ही तिकिटं रिन्यू झालीयेत, दुसरं नवऱ्याचं.