रँकिंग पडलं? कोणालाही पैसे देण्याआधी गूगल सर्च कन्सोल उघडा (रिव्ह्यू, ५ पैकी ४ स्टार)
वहिनीची मराठी रेसिपींची साइट आहे, तिचं टेक्निकल सगळं मी बघते, त्यामुळे सर्च कन्सोलशी माझा नेहमीचा संबंध. आपली साइट गूगल सर्चमध्ये कशी दिसते हे साइटवाल्याला दाखवणारं हे गूगलचंच साधन, फुकट आहे आणि आकडे थेट गूगलचे आहेत. साइट गूगलच्या रिझल्टमध्ये खाली गेली म्हणून कोणी तुमच्या गळ्यात महिन्याचं पॅकेज मारत असेल तर हो म्हणायच्या आधी यातला परफॉर्मन्स रिपोर्ट स्वतः बघा, हे मी अगदी कळकळीने सांगतेय.

तिथे चार आकडे असतात, क्लिक, इम्प्रेशन (रिझल्टमध्ये किती वेळा दिसलात), सीटीआर (दिसल्यापैकी किती टक्के वेळा क्लिक झालं) आणि ॲव्हरेज पोझिशन (रिझल्टमध्ये सरासरी कितव्या नंबरवर). बरेच जण नुसते क्लिक बघतात आणि घाबरतात. चारही चालू करा, कारण काय पडलंय आणि काय जागेवर आहे यातच निम्मं उत्तर असतं.

पोझिशन तीच पण इम्प्रेशन कमी झाले तर बहुतेक वेळा रँकिंग पडलेलंच नसतं, लोकच ती गोष्ट कमी शोधत असतात. आणि मराठी साइटवाल्यांनी इथे फार जपून राहायला हवं, कारण आपले सण तिथीवर चालतात आणि रिपोर्ट इंग्रजी तारखांवर. २०२४ ला गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला होती, २०२५ ला २७ ऑगस्टला. आता सप्टेंबरसमोर सप्टेंबर लावला तर उकडीच्या मोदकांचं पान आपटलेलंच दिसणार, कारण २०२५ ला सगळी शोधाशोध ऑगस्टमध्येच उरकली होती! कस्टम तारखा टाकून चतुर्थीच्या आधीचा आठवडा मागच्या वर्षीच्या तशाच आठवड्यासमोर लावायचा, मगच खरं कळतं. २०२६ ला अधिक ज्येष्ठ असल्यामुळे चतुर्थी १४ सप्टेंबरवर गेलीय, म्हणजे तेव्हा उलटा घोळ, ऑगस्ट पडलेला दिसेल. पूर्वी इथे ९० दिवसांचाच डेटा मिळायचा, २०१८ पासून १६ महिन्यांचा मिळतो, म्हणून तर हे वर्षाला वर्ष लावणं जमतं.

इम्प्रेशन आणि पोझिशन दोन्ही ठीक पण क्लिकच कमी, असं असेल तर रिझल्टच्या पानावर तुमच्या वर काहीतरी येऊन बसलंय, जाहिराती, व्हिडिओ किंवा एआयचं तयार उत्तर. आणि इथेच मी एक स्टार कापलाय. एआयच्या उत्तरातले क्लिक आणि इम्प्रेशन बाकीच्या वेब सर्चमध्येच मिसळून दाखवतात, वेगळे काढून बघता येत नाहीत, आणि छोट्या साइटवाल्याला आज नेमकं तेच बघायचं असतं.

पोझिशन सगळ्या साइटभर एकदम घसरली असेल तर ती तारीख गूगलच्या सर्च स्टेटस डॅशबोर्ड या पानावरच्या अपडेटच्या, म्हणजे रँकिंग ठरवायच्या पद्धतीतल्या बदलांच्या, तारखांशी जुळवा. मार्च २०२४ ची कोअर (मोठी) अपडेट ५ मार्चला सुरू होऊन १९ एप्रिलला संपली, म्हणजे दीड महिना आकडे खालीवर होत राहिले असणार, अशा वेळी मध्येच घाबरून शीर्षकं बदल, पानं उडव असलं काही करू नका प्लीज. अपडेट संपल्यावर निदान एक आठवडा थांबून मग तुलना करा असं गूगल स्वतःच सांगतं.

फक्त काही पानंच पडली असतील तर पेजेसचा टॅब आणि इंडेक्सिंग रिपोर्ट (कुठली पानं गूगलच्या यादीत आहेत, कुठली नाहीत) बघा. आमच्याकडे नवीन डिझाइन करून देणाऱ्याने पानांचे पत्तेच बदलून टाकले आणि जुन्यावरून नव्यावर ३०१ रीडायरेक्ट (जुना पत्ता उघडला की आपोआप नव्यावर नेणारी सोय) लावलेच नाहीत, जुनी पानं ४०४ च्या, म्हणजे 'पान सापडत नाही'च्या, यादीत एकाखाली एक दिसली तेव्हा कारण लगेच हातात आलं. वर्डप्रेसवाल्यांनी तर सेटिंगमधल्या रीडिंगमध्ये जाऊन सर्च इंजिनला मनाई करणारी ती टिकमार्क आधी बघा, टेस्ट साइटवरून खऱ्या साइटवर येताना ती तशीच राहते आणि पानं हळूहळू गायब होतात. मॅन्युअल ॲक्शन्सचं (गूगलने साइटवर केलेल्या कारवाईचं) पानही एकदा उघडा, काही नसेल तर तसं स्पष्ट लिहिलेलं असतं आणि 'गूगलने पेनल्टी लावली' ही भीती तिथेच संपते.

मला सगळ्यात आवडलेली सोय म्हणजे क्वेरी फिल्टर, म्हणजे लोकांनी शोधलेल्या शब्दांनुसार आकडे गाळून बघणं. एकच पदार्थ लोक देवनागरीतही शोधतात आणि रोमनमध्येही, दोन्ही वेगवेगळे फिल्टर लावून बघा, कधीकधी एकच लिपी पडलेली असते आणि दुसरी मजेत चाललेली असते, मग पूर्ण पान नव्याने लिहायची गरजच नाही.

ॲव्हरेज पोझिशनवर मात्र आंधळा विश्वास नको. नवीन शब्दांसाठी पान साठाव्या नंबरवर दिसायला लागलं तरी सरासरी पोझिशन घसरलेली दिसते, खरं तर नुकसान काहीच नसतं. सप्टेंबर २०२५ ला उलटं झालं, एका पानावर शंभर रिझल्ट दाखवायची सोय गूगलने बंद केली आणि बऱ्याच साइटचे इम्प्रेशन धाडकन पडले, पोझिशन मात्र सुधारलेली दिसली, क्लिक होते तिथेच!

बाकी कमतरता म्हणजे टेबलमध्ये १००० च ओळी दिसतात, फार कमी लोकांनी शोधलेले शब्द लपवलेले असतात, आणि स्पर्धकाचं काहीच कळत नाही. तरीही साइट असेल तर आजच जोडा, कारण साइट जोडल्यापासूनच डेटा गोळा व्हायला लागतो. जोडताना डोमेन प्रॉपर्टी घ्या, डीएनएसमध्ये (डोमेनच्या सेटिंगमध्ये) एक रेकॉर्ड टाकावा लागतो पण डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असलेले-नसलेले, एचटीटीपी, एचटीटीपीएस सगळे पत्ते एकत्र दिसतात.