सीएल ३० की सीएल ३६? डीडीआर५ रॅमच्या टायमिंगची तुलना

नवा पीसी जुळवताना डीडीआर५-६००० ची दोन किट हमखास समोर येतात. एकावर ३०-४०-४०-९६ छापलेलं असतं, दुसऱ्यावर ३६-३६-३६-९६. पहिलं सहसा महाग. आकडा लहान म्हणजे रॅम वेगवान, एवढ्यावर निर्णय घेऊ नका.

हे आकडे वेळ सांगत नाहीत, क्लॉकची (ठोक्यांची) संख्या सांगतात. ६००० च्या रॅमचा क्लॉक ३००० मेगाहर्ट्झवर चालतो (एका क्लॉकमध्ये दोनदा डेटा जातो), म्हणजे एक क्लॉक एक तृतीयांश नॅनोसेकंदाचा. सीएल म्हणजे पहिला आकडा, डेटा मागितल्यापासून तो मिळू लागेपर्यंतचे क्लॉक. त्यामुळे सीएल ३० म्हणजे १० नॅनोसेकंद आणि सीएल ३६ म्हणजे १२. जुन्या डीडीआर४-३२०० सीएल १६ चा हिशेबही बरोबर १० च येतो. १६ वरून ३० वर गेलो म्हणून रॅम मंदावली, असं अजिबात नाही.

पण सीएल हा फक्त पहिला आकडा. हवी ती रो (चिपमधली डेटाची ओळ) आधीच उघडी असेल, तेव्हाच तेवढ्यात भागतं. रो बंद असेल तर ती उघडण्याचा वेळ (दुसरा आकडा) वाढतो. तिथे भलतीच रो उघडी असेल तर आधी ती बंद करावी लागते, म्हणजे तिसरा आकडाही जोडला जातो. मग चित्र असं दिसतं (नॅनोसेकंदात):

| स्थिती | ३०-४०-४० | ३६-३६-३६ |
|---|---|---|
| हवी ती रो उघडी | १० | १२ |
| रो बंद | २३.३ | २४ |
| दुसरीच रो उघडी | ३६.७ | ३६ |

शेवटच्या ओळीत स्वस्त किट किंचित पुढे जातं! म्हणून पहिले तिन्ही आकडे बघूनच किट निवडा. ३०-३६-३६ मिळालं तर ते मात्र या दोघांपेक्षा खरोखर सरस.

शिवाय प्रोसेसरपासून रॅमपर्यंतचा पूर्ण फेरा साधारण ६० ते ९० नॅनोसेकंदांचा असतो. त्यात दोनाची बचत जाणवते ती मुख्यतः प्रोसेसरवर ताण येणाऱ्या, जास्त फ्रेमरेटच्या गेममध्ये. फोरके गेमिंगमध्ये ग्राफिक्स कार्डच आधी दमतं. रायझनच्या एक्सथ्रीडी प्रोसेसरमध्ये कॅश (प्रोसेसरमधलीच झटपट मेमरी) एवढी मोठी असते की रॅमकडे धाव कमी होते, तिथे फरक आणखी पुसट. इंटिग्रेटेड ग्राफिक्स वापरणार असाल तर टायमिंगपेक्षा बँडविड्थला (सेकंदाला किती डेटा जातो त्याला) महत्त्व द्या आणि दोन स्टिक लावा.

खरा मोठा फरक वेगळ्याच ठिकाणी आहे. बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅमला छापील वेगावर चालवणारं तयार प्रोफाइल) सुरू केलं नाही, तर हीच महागडी रॅम बहुधा ४८०० सीएल ४० वर चालते: १६.७ नॅनोसेकंद, आणि प्रत्येक स्टिकची बँडविड्थ सेकंदाला ४८ जीबीवरून ३८.४ वर. सीएल ३० साठी जास्त पैसे मोजून प्रोफाइल बंद ठेवणं हे सगळ्यांत वाईट.

हाताने टायमिंग बसवायची हौस असेल तर सीएलच्या आधी रिफ्रेशकडे, म्हणजे चिपमधला गळणारा चार्ज पुन्हा भरण्याकडे, वळा. टीआरएफसी (एका रिफ्रेशचा वेळ) कमी आणि टीआरईएफआय (दोन रिफ्रेशमधलं अंतर) जास्त केलं की रॅमचा कामाचा वेळ वाढतो. मात्र तापलेल्या चिपमधला चार्ज लवकर गळतो, त्यामुळे रात्रभर मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारा प्रोग्राम) चालवल्याशिवाय त्या सेटिंगवर विसंबू नका. चुकलेला एखादा बिट गाजावाजा न करता फाइल बिघडवतो, आणि डीडीआर५ च्या चिपमधलं अंगभूत ईसीसी (चूक दुरुस्त करणारी सोय) चिपबाहेरच्या वाटेवरची चूक पकडत नाही.

माझं मत: बजेटमध्ये बसत असेल तर १६ जीबीच्या दोन सीएल ३० स्टिकऐवजी ३२ जीबीच्या दोन सीएल ३६ घ्या. अपवाद फक्त गेमिंगपुरत्या पीसीचा, जिथे ३२ जीबी पुरतात. तिथे सीएल ३० घ्यायला हरकत नाही. पुढे आणखी दोन स्टिक जोडू, हा विचार मात्र सोडा. चार स्टिक लावल्यावर बऱ्याच मदरबोर्डवर ६००० चा वेग टिकत नाही.