सशाच्या लायसेटचं कपल्ड किट: ट्रान्सलेशनला पैकीच्या पैकी, जीन-नियमनाला भोपळा

नळीत प्लाझ्मिड (तुमचा जीन वाहणारा गोल डीएनए) टाका, दीड तासात प्रोटीन घ्या. रेटिक्युलोसाइट लायसेटच्या, म्हणजे सशाच्या अपरिपक्व लाल रक्तपेशी फोडून काढलेल्या रसाच्या किटचा हा दावा खरा आहे. ‘कपल्ड’ म्हणजे डीएनएवरून आरएनए (ट्रान्सक्रिप्शन) आणि आरएनएवरून प्रोटीन (ट्रान्सलेशन), दोन्ही एकाच नळीत. पण डब्यावर ‘ट्रान्सक्रिप्शन’ लिहिलंय म्हणून एन्हान्सर (जीनचं काम वाढवणारा डीएनएचा तुकडा) तपासायला घ्याल तर फसाल. इथे आरएनए बनवतं टी७ फेजचं, म्हणजे जिवाणूंच्या एका विषाणूचं पॉलिमरेज. त्याला टाटा बॉक्सही (पेशीच्या जीनपुढची सुरुवातीची खूण) कळत नाही आणि क्रोमॅटिनही (प्रोटीनवर गुंडाळलेला डीएनए). त्या कामाला हेला या मानवी पेशींचं न्यूक्लिअर एक्स्ट्रॅक्ट (केंद्रकांचा अर्क) बरं.

नेहमीचं माप असं: मास्टर मिक्स ४० मायक्रोलिटर, १ मिलिमोलर मेथिओनिन १ मायक्रोलिटर, प्लाझ्मिड १ मायक्रोग्रॅम, न्यूक्लिएज-मुक्त पाण्याने एकूण ५०. तापमान ३० अंश, ३७ नव्हे. व्होर्टेक्सला हात लावू नका, पिपेटनेच हलकं ढवळा. लायसेट उणे ७० अंशांवर, छोटे भाग करून.

प्रोटीनं आकाराप्रमाणे वेगळी करणारी जेल कोरी आली की लोक किटच्या नावाने बोटं मोडतात. ल्युसिफरेज कंट्रोलची (तुलनेसाठी चालवलेल्या प्रोटीनची) ६१ किलोडाल्टनची पट्टी दिसत असेल तर आधी आपलं मिनिप्रेप, म्हणजे जिवाणूंतून काढलेलं प्लाझ्मिड बघा. उरलेलं इथेनॉल आणि आरएनएज (आरएनए कापणारं एन्झाइम) हे नेहमीचे चोर. डीएनएच्या बफरमधला ईडीटीए अभिक्रियेला लागणारं मॅग्नेशियम पकडून ठेवतो, म्हणून डीएनए पाण्यातच काढा. कॅल्शियमचं दुखणं आणखी वेगळं: सशाचे मूळ एमआरएनए कापणारं मायक्रोकोकल न्यूक्लिएज लायसेटमध्येच असतं, कॅल्शियम पकडणाऱ्या ईजीटीएने फक्त झोपवलेलं. कॅल्शियम मिळालं की ते जागं होऊन तुमचा आरएनए फस्त करतं.

किटची खरी मजा इनिशिएशनमध्ये, म्हणजे ट्रान्सलेशनच्या सुरुवातीत आहे. हेमिन (हिमोग्लोबिनमधल्या हीमचं रूप) कमी पडलं की एचआरआय कायनेज हे एन्झाइम सुरुवात करून देणाऱ्या ईआयएफ२-अल्फा या प्रोटीनवर फॉस्फेट चढवतं आणि मेथिओनिनचा इनिशिएटर टीआरएनए रायबोसोमच्या ४०एस उपघटकापर्यंत पोचेनासा होतो. म्हणून हेमिन आधीच घातलेलं असतं. कोझॅक क्रम (सुरुवातीच्या एयूजी कोडॉनभोवतीची अक्षरं) मात्र तुमची जबाबदारी: एयूजीच्या आधी उणे ३ वर ए किंवा जी, मागोमाग अधिक ४ वर जी; एयूजीतला ए म्हणजे अधिक १. हा क्रम कच्चा असेल तर काही ४०एस पहिला एयूजी ओलांडून पुढच्यावर बसतात आणि जेलवर खाली एक आखूड पट्टी उमटते. तिला सर्रास प्रोटिएजचं (प्रोटीन कापणाऱ्या एन्झाइमचं) काम समजतात. पुढचा एयूजी म्युटेट करून बघा. पट्टी गेली तर दोष कोझॅकचाच.

उत्पन्न नॅनोग्रॅममध्ये, त्यामुळे शुद्धीकरणाची आस धरू नका. जेलवर ५० पैकी ५ मायक्रोलिटरच भरा, नाहीतर लायसेटमधलं ग्लोबिन (हिमोग्लोबिनचं प्रोटीन) सगळी लेन व्यापतं. आणि तुमचं प्रोटीन १५-१६ किलोडाल्टनचं असेल तर ते त्याच ग्लोबिनखाली दडणार. तिथे गव्हाच्या अंकुराचं एक्स्ट्रॅक्ट घ्या.